‘मदत घे’ एवढे म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली चौदा वर्षे मी पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवतो. दोन मजले, एकशे दहा खुर्च्या आणि खाली चहाची टपरी, एवढाच तिचा पसारा आहे. बीड, परभणी, बुलढाणा, सोलापूर, धुळे इकडून आलेली मुले-मुली आसपास कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि सकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत आपापल्या खुर्चीत बसून असतात. अभ्यासिकेत बोलायला मनाई असल्यामुळे त्यांचे आपसातले बोलणे व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर होते आणि मनातले बोलणे तर बहुधा मध्यरात्र उलटल्यावरच होते. अशा एखाद्या ग्रुपवर कोणी जगणे नकोसे झाल्याचे लिहिले, तर ते वाचणाऱ्याने काय करावे, एवढ्याच प्रश्नावर हे पत्र आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. एका रात्रीने मला जे शिकवले आणि त्यानंतर जाणकारांना विचारून, वाचून जे समजले, तेवढेच लिहितो.

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या ग्रुपवर एका मुलाचा संदेश आला. ‘सगळ्यांचे आभार. आता अजून झेपत नाही. नोट्स खुर्चीखालच्या कप्प्यात आहेत, ज्याला लागतील त्याने घ्या.’ एवढाच मजकूर. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटे झाली होती आणि तोपर्यंत त्या संदेशाखाली त्रेचाळीस उत्तरे जमली होती. हात जोडलेल्या चित्रांची एक लांब रांग होती. ‘स्ट्राँग राहा भावा’ होते, ‘एमपीएससी म्हणजे आयुष्य नाही’ होते, ‘आईवडिलांचा विचार कर’ असे तर पाच-सहा जणांनी लिहिले होते, आणि सूर्योदयाच्या चित्रावर छापलेला एक सुविचारही होता. दोघांनी हेल्पलाइनच्या क्रमांकांचे तेच ते फिरणारे चित्र टाकले होते. एकाने ‘नाटक’ एवढा एकच शब्द लिहिला होता. ‘मदत घे’ असे मी स्वतः मोजून अकरा ठिकाणी वाचले. ज्याच्यासाठी हे सगळे लिहिले जात होते, त्याने त्यातले एकही उत्तर उघडून पाहिलेले नव्हते.

आमच्याकडच्या एका मुलीने मात्र ग्रुपवर काहीच लिहिले नव्हते. तिने त्याला सरळ फोन लावला होता. तीन वेळा त्याने तो कापला, चौथ्यांदा उचलला. तिने त्याला कारण विचारले नाही, समजूतही घातली नाही, आधी ‘कुठे आहेस?’ एवढेच विचारले. तो त्याच्या खोलीच्या इमारतीत जिन्यावर बसला होता. ‘तिथेच बस, फोन ठेवू नको, मी बोलतेय,’ असे सांगून तिने रूममेटच्या फोनवरून मला निरोप दिला. मी स्कूटरवरून पोहोचलो, तेव्हा त्याच्या फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आली होती आणि पलीकडून ती मुलगी अजूनही बोलत होती. काय बोलत होती, हे मी नंतर विचारले. मेसची भाजी, गावाकडचा पाऊस, त्याच्या बहिणीची दहावी. बोलणे तुटू द्यायचे नाही, एवढेच तिने ठरवले होते. बावीस वर्षांच्या त्या मुलीला जे सुचले, ते आम्हा त्रेचाळीस जणांना का सुचले नाही, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

‘आम्हा’ म्हणतो, कारण मीही तो संदेश पाहिल्यावर आधी ग्रुपवर दोन ओळी टंकायला घेतल्या होत्या.

त्या रात्रीच्या उत्तरांमध्ये वाईट हेतू फक्त एकाचा होता. बाकीच्यांना मनापासून वाईट वाटत होते. पण ती उत्तरे ज्याच्या हातात पडणार, त्याच्या जागी बसून ती वाचून पाहावीत. त्या मुलाच्या वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी सोसायटीचे कर्ज काढले होते आणि चौथ्या प्रयत्नातही पूर्वपरीक्षा हुकली होती. आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत, हाच विचार त्याला महिनाभर पोखरत होता. त्याला ‘आईवडिलांचा विचार कर’ असे सांगणे म्हणजे जिथे दुखते आहे तिथेच बोट ठेवण्यासारखे आहे. तो त्यांचाच तर विचार करत होता. ‘स्ट्राँग राहा’ म्हटले की आपण दुबळे आहोत, हा त्याचा समज पक्का होतो. ‘परीक्षा म्हणजे आयुष्य नाही’ हे खरेच आहे, पण ज्याने वयाची सहा वर्षे त्या एका गोष्टीत घातली आहेत, त्याला ते मध्यरात्री पटवून देता येत नाही आणि देण्याची ती वेळही नसते. ‘मदत घे’ या दोन शब्दांची अडचण जरा वेगळी आहे. ते चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. कोणाची मदत, कुठे जाऊन, किती वाजता, पैसे किती लागतील, तिथे काय विचारतील, गावाकडे कळेल का, हे सगळे प्रश्न आपण त्या दोन शब्दांतून त्याच्यावरच टाकून मोकळे होतो. ज्याला उठून तोंड धुण्याचे बळ उरलेले नाही, त्याच्याकडून आपण एवढी सगळी तजवीज करण्याची अपेक्षा करतो.

जिन्यावर मी त्याच्या शेजारी बसलो. काय विचारायचे, हे मला खरोखर कळत नव्हते. मी म्हणालो, ‘तसलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?’ तो ‘नाही’ म्हणाला. पुढे डॉक्टरांनी मला समजावले, की हा प्रश्नच ‘नाही’ हे उत्तर मागणारा आहे. त्यातल्या ‘नाही ना’मुळे विचारणाऱ्याची भीती ऐकणाऱ्याला कळते आणि समोरचा माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून खोटे बोलतो. तोच प्रश्न त्या मुलीने फोनवर आधीच विचारला होता. ‘जीव द्यायचे विचार येतायत का तुझ्या मनात?’ असे तिने स्पष्ट विचारले होते आणि तो ‘हो’ म्हणाला होता. नाव घेतले तर विचार बळावतो, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. आत्महत्या हा शब्द उच्चारायचाच नाही, ‘तसलं काही’, ‘वेडंवाकडं’, ‘टोकाचं पाऊल’ असे म्हणून पुढे जायचे, अशी आपली रीत आहे. या विषयावर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांमध्ये मात्र असे दिसत नाही. थेट आणि आपुलकीने विचारल्याने धोका वाढत नाही, उलट अनेकांना सुटल्यासारखे वाटते, असाच त्यांचा एकूण निष्कर्ष आहे. निदान कोणीतरी एकाने नाव घेऊन विचारले, आता आपल्याला हे एकट्याने लपवून ठेवायचे नाही, असे वाटणे ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याने ‘हो’ म्हटल्यावर पुढे काय, हे सांगणे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याला एकटे सोडायचे नाही आणि इजा होईल असे काही त्याच्या जवळ असेल तर ते न बोलता दूर करायचे, ही पहिली गोष्ट. ती आम्ही केली. मग मी ग्रुपवरच्या त्या चित्रातला पहिला क्रमांक लावला. फोन बराच वेळ वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दुसरा क्रमांक अस्तित्वातच नव्हता. माझ्या शेजारी बसलेला मुलगा हे सगळे ऐकत होता आणि त्या मिनिटभरात त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी विसरू शकत नाही. ‘कोणी नसतंच सर,’ एवढेच तो म्हणाला. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, की ज्या क्रमांकावर आपण स्वतः एकदा फोन लावून पाहिलेला नाही, तो क्रमांक कोणालाही पाठवू नये. जुनी चित्रे वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि संकटात असलेल्या माणसाला बंद पडलेला क्रमांक मिळणे हे काहीच न मिळण्यापेक्षा वाईट असते.

तिसऱ्यांदा मी १४४१६ लावला. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. बंगळुरूची ‘निम्हान्स’ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्या मुळाशी आहे. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीसह वीस भाषांमध्ये बोलता येते. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हाही तिचाच क्रमांक आहे. फोन लावल्यावर भाषा निवडावी लागते, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. ज्याला त्रास आहे त्यानेच फोन करायला हवा, असेही नाही. घरचा माणूस किंवा मित्र करू शकतो, आणि त्या रात्री मी तसाच केला. आधी मीच बोललो, मग फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मधल्या पायरीवर ठेवला. समुपदेशक बाई सावकाश आणि साधे मराठी बोलत होत्या. पाच-सात मिनिटांनी त्याने स्वतःच फोन उचलून कानाला लावला. मी चार पायऱ्या खाली जाऊन बसलो.

मदतीच्या दारापर्यंत सोबत जायचे, दार वाजवायचे आणि ते उघडेपर्यंत थांबायचे, हेच मला सांगायचे आहे. समोर बसलेल्या माणसासाठी हे जसे करता येते, तसेच दूरच्या माणसासाठीही येते. ‘हा नंबर घे, फोन कर’ असे लिहिण्याऐवजी ‘मी नंबर लावतो, तुला कॉलवर जोडून घेतो, तू नुसता ऐक’ असे लिहावे. ‘डॉक्टरकडे जा’ म्हणण्याऐवजी ‘उद्या साडेआठला मी येतो, ओपीडीला आपण दोघे जाऊ’ असे म्हणावे. वाक्यात वेळ असली, ठिकाण असले आणि ‘आपण’ असले, की त्याचे वजन बदलते.

सकाळी आम्ही सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. केसपेपर काढला आणि बाकावर दीड तास बसलो. आमच्या शेजारी एक शेतकरी नवरा-बायको होते, एक बँकेतला मध्यमवयीन कर्मचारी होता आणि पाठीला सॅक लावून आलेली कॉलेजची मुलगी होती. माझ्या मनात जे वॉर्डाचे चित्र होते, त्यातले तिथे काहीही नव्हते. डॉक्टरांनी त्याला विचारलेला पहिला प्रश्न झोपेचा होता. शांत झोप शेवटची कधी लागली, या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘गणपतीच्या आधी.’ म्हणजे दीड महिना होऊन गेला होता. रोज माझ्यासमोरून जाऊन खुर्चीत बसणाऱ्या मुलाबद्दल मला हे ठाऊक नव्हते. गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितले आणि समुपदेशनाची वेळ ठरली. मानसिक आजारांवर उपचार हवे असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण आपल्या देशात, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के आहे. डॉक्टर कमी आहेत, हे त्याचे एक मोठे कारण आहेच. पण रुग्णालय मैलभरावर असूनही दीड महिना तिथे न पोहोचलेला मुलगा मी पाहिला आहे आणि त्याच्यापुरते तरी कारण डॉक्टरांची कमतरता हे नव्हते.

एक कारण भीतीचे होते आणि ती भीती त्याच्यापेक्षा आजूबाजूच्यांना जास्त होती. त्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास खोलीमालक खाली आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘पोलिसांचं लफडं नको, सकाळी त्याला गावी पाठवून द्या.’ ते गृहस्थ वाईट नाहीत. त्यांना जुना कायदा ठाऊक होता, नवा नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते, तिला शिक्षा करायची नसते, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच वेगळी तरतूद आहे. नुसता विचार मनात येणे हा तर कधीच गुन्हा नव्हता. तेव्हा दवाखान्यात नेले तर केस होईल, या धास्तीने कोणी कोणाला घरात दडवून ठेवू नये. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक केले आहे, हे नोकरदार वाचकांनी आपली पॉलिसी काढून एकदा पडताळून पाहावे.

आता अनोळखी माणसाबद्दल. आपल्या ग्रुपवरच्या मुलाचा पत्ता आम्हाला सापडला. पण इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर कोणा दूरच्याने असे काही लिहिले आणि तो कोण, कुठला हे ठाऊक नसले, तर हात टेकून बसण्याचे कारण नाही. जानेवारी २०२१ मध्ये धुळ्यातल्या एका तरुणाचे असेच थेट प्रक्षेपण फेसबुकच्या आयर्लंडमधील कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले, त्यांनी मुंबईच्या सायबर पोलिसांना कळवले, मुंबईने धुळ्याला कळवले, आणि धुळे पोलीस वेळेत त्याच्या घरी पोहोचले. तो वाचला. आयर्लंडमधून धुळ्याचे घर सापडू शकते, तर आपल्याच जिल्ह्यातले का सापडू नये? अशा मजकुरावर तक्रार नोंदवण्याची सोय या माध्यमांमध्ये असते आणि त्यात स्वतःला इजा करण्याच्या धोक्याचा पर्याय वेगळा दिलेला असतो; तो वापरावा. त्या व्यक्तीच्या ओळखीचे कोणी दिसते का, ते पाहून त्यांना थेट फोन करावा. आणि जिवाला धोका आत्ता, या क्षणी आहे असे वाटले, तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. चूक झाली, माणूस नुसताच उदास निघाला, तरी बिघडत नाही. संकोचापायी अर्धा तास घालवणे हीच त्या वेळची खरी चूक असते.

ग्रुप चालवणाऱ्यांना मला जरा निराळे सांगायचे आहे. दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपवर याच मुलाने आठवडाभर आधी काहीतरी निराशेचे लिहिले होते, हे मला नंतर कळले. तिथल्या अॅडमिनने तो संदेश पुसून टाकला आणि ‘वातावरण बिघडते’ म्हणून त्याला ग्रुपमधून काढून टाकले. ज्याने मोठ्या मुश्किलीने तोंड उघडले, त्याच्या तोंडावर दार लावण्याचा हा प्रकार आहे. संदेशात घातक तपशील असतील तर तो जरूर काढावा, पण माणसाला काढू नये. त्याच्याशी खासगीत बोलावे आणि ग्रुपवर एवढीच ओळ टाकावी, की अमुक जण त्याच्या संपर्कात आहेत, कृपया इथे चर्चा करू नये. त्याच्या संदेशाचे स्क्रीनशॉट तर कोणीही, कोणत्याही हेतूने पुढे पाठवू नयेत. आमच्या मुलाचा स्क्रीनशॉट सकाळी दहापर्यंत त्याच्या तालुक्याच्या ग्रुपवर पोहोचला होता. आम्ही ओपीडीच्या बाकावर बसलेलो असताना त्याच्या चुलत्यांचा मला फोन आला. त्याच्या आईला ही बातमी पोटच्या पोराकडून कळायला हवी होती, ती शेजारणीच्या फोनवरून कळली. ज्यांनी तो स्क्रीनशॉट पाठवला, त्यांनाही काळजीच होती, असे ते सांगतात. मला त्यांचा राग आजही आहे.

हे पत्र वाचणाऱ्यांमध्ये कदाचित असे कोणी असेल, की ज्याने गेल्या काही दिवसांत असा संदेश लिहून पुसून टाकला आहे. तुमच्याशी दोन शब्द बोलू द्या. आता जे वाटते आहे ते कायमचे आहे, असे तुम्हाला वाटत असेल, कारण त्या अवस्थेचे स्वरूपच तसे असते. अमेरिकेतले एक संशोधक, रिचर्ड सायडन, यांनी आत्महत्येपासून ऐन वेळी परावृत्त केल्या गेलेल्या ५१५ लोकांचा मागोवा घेऊन १९७८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले दहापैकी नऊहून अधिक लोक कित्येक वर्षांनंतर एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारलेले होते. ती वेळ टळली आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचे आयुष्य पुढे चालू राहिले. ती वेळ टळेपर्यंत कोणाच्या तरी सोबत राहणे, एवढेच सध्या करायचे आहे. १४४१६ लावल्यावर सगळी कहाणी सांगावी लागत नाही. ‘मला झोप लागत नाही आणि मनात भलते विचार येतात’ एवढे म्हणालात तरी पुढचे ती माणसे विचारतात. बोलवत नसेल तर ज्याच्यावर थोडा तरी भरवसा आहे अशा एकाला ‘मी ठीक नाही, येतोस का?’ एवढे लिहा, ग्रुपवर लिहू नका, एकाच माणसाला लिहा, आणि तो झोपला असेल तर दुसऱ्याला लिहा. रात्री दोनला उठवले म्हणून कोणाला राग येत नाही. मला स्वतःला त्या रात्री कोणी उठवले नव्हते, योगायोगाने जाग आली, आणि त्या योगायोगाचाच विचार मला अजून दचकवतो.

संकट टळल्यानंतरचे दिवसही सोपे नसतात. रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे विशेष जपण्याचे असतात, असे डॉक्टर सांगतात, आणि नेमके तेव्हाच आपण सगळे सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या कामाला लागतो. याच संदर्भात सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांचा एक जुना प्रयोग मला वाचायला मिळाला. रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला काही वर्षे अधूनमधून दोन-चार ओळींची पत्रे पाठवली, दुसऱ्याला पाठवली नाहीत. पत्रांत उपदेश नव्हता, भेटीची वेळ नव्हती, कसली मागणी नव्हती. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे आणि कळवावेसे वाटले तर आनंद होईल, एवढाच भाव होता. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय कमी राहिले. पूर्वी आपल्याकडे ‘पत्र नाही, खुशाली कळवणे’ असे पोस्टकार्डावर लिहीत, त्यात हेच होते. आज पोस्टकार्डाच्या जागी हातातला फोन आहे आणि त्यावर आपण दिवसाला शंभर सुप्रभात पाठवतो. त्यातला एक संदेश एका माणसाच्या नावाने, त्याच्यापुरताच लिहिलेला असू शकतो.

तो मुलगा आता गावी आहे. गोळ्या चालू आहेत, शेजारच्या तालुक्यात समुपदेशनाला जातो आणि चुलत्यांच्या कृषी सेवा केंद्रात हिशेब पाहतो. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, हे त्याने ठरवलेले नाही आणि मी विचारत नाही. दर रविवारी सकाळी मी त्याला एक ओळ पाठवतो. कधी उत्तर येते, कधी नुसत्या दोन निळ्या खुणा दिसतात. त्याने परवानगी दिली म्हणूनच हे सारे लिहिले आहे आणि पत्र पाठवण्यापूर्वी त्याला वाचूनही दाखवले आहे.

संपादक महोदय, शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांतल्या २२,७४६, म्हणजे सर्वाधिक, आपल्या महाराष्ट्रात होत्या. दिवसाला साठहून अधिक. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात शिक्षणसंस्था, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घातली, त्यांत टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत असे सांगितले आहे. माझी अभ्यासिका त्या व्याख्येत बसते की नाही, याची वाट न पाहता मी दोन्ही मजल्यांवर, टपरीच्या फळीवर आणि ग्रुपच्या वर्णनात १४४१६ हा क्रमांक लावला आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला तो स्वतः लावून पाहतो. आपल्या वृत्तपत्रात आत्महत्येच्या बातमीखाली अलीकडे असा क्रमांक कधीकधी दिसतो, ही चांगली गोष्ट आहे. पण ती बातमी वाचली जाते तेव्हा एका माणसाच्या बाबतीत उशीर झालेला असतो. स्पर्धा परीक्षेचा, दहावीचा, बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी पहिल्या पानावर गुलाल लावलेल्या, पेढा भरवणाऱ्या मुलांची छायाचित्रे येतात. ती यावीतच. त्याच पानावर, त्याच छायाचित्राच्या शेजारी, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत हा क्रमांक आणि ‘रात्री कितीही वाजता, मराठीत बोलता येईल’ एवढी एक ओळ छापावी. ते पान त्या दिवशी आमच्या अभ्यासिकेतल्या एकशे दहा खुर्च्यांवरून फिरते.

आपला,
एक अभ्यासिकाचालक, सदाशिव पेठ, पुणे

(त्या मुलाची ओळख उघड होऊ नये, यासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)